चळवळ सोडल्यानंतर: मराठवाड्यातील कार्यकर्त्यांच्या दुसऱ्या घराची पार्श्वभूमी

मराठवाड्यात एखाद्या पूर्णवेळ कार्यकर्त्याने चळवळ सोडली असे कळले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘आता कोणत्या गटात गेला?’ हा. माणूस चळवळीबाहेर पडून नुसता जगू शकतो, नवी माणसे जोडू शकतो, ही शक्यता या प्रश्नात धरलेलीच नसते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी निजामाच्या काळापासून सुरुवात करावी लागते.

१९३८ मध्ये निजामाच्या राज्यातील राजकीय संघटना असलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर उभी राहण्याआधीच बंदी आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातून, वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी, विद्यार्थ्यांचे वंदे मातरम् आंदोलन सुरू झाले. ते उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले, विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. त्या वेळी मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा मुलखात सभा, वाचनालय, राष्ट्रीय शाळा आणि राजकारण ही वेगवेगळी क्षेत्रे राहिली नाहीत. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते, आणि त्यांचे अनेक विद्यार्थीच पुढे त्यांचे सैनिक झाले. १९४७-४८ मध्ये निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पांत राहणारे तरुण घरादारावर तुळशीपत्र ठेवून आले होते. त्यांच्यासाठी चळवळ हे मत नव्हते. जेवण, झोप, मैत्री आणि मृत्यूची तयारी हे सगळे तिथेच होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि हे घर एका दिवसात रिकामे झाले. विजयाने संपलेल्या चळवळीतून बाहेर पडणे तुलनेने सोपे असते, कारण तेथे कोणी कोणाला सोडून जात नाही. काही जण सत्तेत गेले, काही वकिली-शेतीकडे परतले, आणि एक मोठा गट शिक्षणाकडे वळला. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ सत्तेच्या राजकारणापासून दूर राहून सरस्वती भुवन संस्थेत रमले. स्वामीजी १९५२ आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि नंतर निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्त झाले. माझ्या मते मराठवाड्यातील शिक्षणसंस्थांचा इतिहास हा चळवळीनंतर माणसांनी शोधलेल्या सोबतीचाही इतिहास आहे, आणि तो तसा फारसा लिहिला गेलेला नाही. ज्या कम्युनिस्टांचा लढा १९४८ ला थांबला नाही, तर ऑक्टोबर १९५१ मध्ये तेलंगणातील सशस्त्र संघर्ष मागे घेतला जाईपर्यंत चालला, त्यांच्या वाट्याला मात्र विजयानंतर बाहेर पडण्याचा हा उंबरठा आला नाही.

सत्तरच्या दशकात चित्र पालटले. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन, पुढच्या वर्षीची आणीबाणी, समाजवादी तरुणांचे युवक क्रांती दल आणि दलित तरुणांची लढाऊ संघटना दलित पँथर यांनी घडवलेली पिढी १९७८ मध्ये नामांतराच्या प्रश्नाला सामोरी गेली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. मुक्तिसंग्रामातले सहकारीही येथे एका बाजूला राहिले नाहीत; गोविंदभाईंचा नामांतराला विरोध होता. नामांतराची बाजू घेणारा सवर्ण तरुण स्वतःच्या भावकीत परका ठरला, म्हणून चळवळ हेच त्याचे एकमेव गणगोत उरले. दलित कार्यकर्त्याचे दुःख निराळे आणि माझ्या दृष्टीने अधिक खोल होते: त्याने संघटना सोडली तरी वस्ती सुटत नव्हती, आणि वस्तीत संघटनेचा प्रत्येक गट सख्ख्या नात्यातूनच उभा असे. १९७७ मध्ये मूळ पँथर बरखास्त झाल्याची घोषणा झाली, पुढे गट वाढत गेले, आणि प्रत्येक फुटीत कोणाचा तरी भाऊ ‘विकला गेलेला’ ठरला. हा शब्द ज्याला लागला त्याच्याशी बोलणे बंद होई, लग्नाकार्यातही.

या दोन प्रकारच्या माणसांना जागा देणारे काम त्या काळात थोडेच होते, पण होते. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया, जे समाजवादी चळवळीतून आले होते आणि आणीबाणीत तुरुंगात होते, त्यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ सुरू केले. पाणी, शेतमजूर आणि दुष्काळ यांच्याभोवती माणसे जमली. शैला लोहिया यांनी परित्यक्तांसाठी ‘मनस्विनी’ उभी केली, आणि घर गमावलेल्या बायकांचे ते घर झाले. पँथरमधून आलेले एकनाथ आवाड बीड जिल्ह्यात तेलगावला राहून गायरान जमिनींच्या प्रश्नाला भिडले आणि तेथूनच मानवी हक्क अभियान वाढले. या ठिकाणी जुन्या निष्ठेचा दाखला मागितला जात नव्हता. उद्या सकाळी कोणते काम करायचे एवढेच ठरवायचे असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे दगावली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचा नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ हे नाव ठेवून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. ज्या प्रश्नावर सोळा वर्षे माणसे एकमेकांपासून तुटली होती तो कागदावर सुटला, तेव्हा भूकंपग्रस्त गावांत अजून पत्र्याच्या शेडमध्ये संसार चालू होते आणि तेथे मदतीला माणसे हवी होती.