रंग सोडा, आधी कड पाहा

लक्षद्वीप किंवा अंदमानला डायव्हिंग करताना दिसलेला किडा नंतर रंगावरून शोधायला गेलं, की फसगत ठरलेली. 'ख्रिसमस ट्री वर्म'चंच बघा. प्रवाळाच्या एकाच दगडावर निळे, पिवळे, लाल, पांढरे असे डझनभर तुरे दिसतात, पण सगळे एकाच जातीचे असू शकतात. अंग प्रवाळातल्या चुनखडीच्या नळीत असतं. बाहेर दिसतात ते दोन पीळदार तुरे. त्यांनीच तो श्वास घेतो आणि अन्नकण गाळतो. तुमची सावली पडली की क्षणात आत, आणि तोंडावर झाकण!

खरा घोळ होतो तो चपटकृमी आणि न्यूडिब्रँक यांच्यात. न्यूडिब्रँक म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. दोघंही भडक रंगाचे, दोघंही बोटभर. अशा वेळी जाडी पाहावी. चपटकृमीला कल्ले नसतात, रक्ताभिसरण नसतं. प्राणवायू त्वचेतूनच प्रत्येक पेशीपर्यंत पोचायला हवा, म्हणून शरीर कागदासारखं पातळ. खडबडीत दगडावरून तो ओघळल्यासारखा सरकतो. गोगलगाय मात्र मांसल, आणि तिच्या डोक्यावर दोन स्वतंत्र शिंगं असतात. चपटकृमीची 'शिंगं' म्हणजे पुढच्या कडेलाच पडलेल्या दोन चुण्या.

पाठीवर कल्ल्यांचा गुच्छ दिसला तर गोगलगाय, हा नियम बरेच जण सांगतात. तो अर्धाच खरा आहे. फिलिडिएला नावाच्या विषारी गोगलगायीचे कल्ले पाठीवर नसून खालच्या बाजूला असतात. आणि स्यूडोसेरॉस इमिटेटस हा चपटकृमी नेमकी तिचीच नक्कल करतो, पाठीवरच्या फोडांसकट! तिथे शिंगं आणि कडेची जाडी हाच आधार. मला ही जोडी फार आवडते. इतका साधा जीव, आणि भक्षकाला चकवणारी एवढी बारीक कारागिरी!

अंगावर वळ्या आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके दिसले तर तो अग्निकृमी. हात लावू नका. ते केस कातडीत मोडतात आणि आग आग होते.

वाळूवर मीटरभर लांबीचा, सापासारखा मऊ जीव दिसला तर त्याचं तोंड पाहा. तिथे पिसांसारख्या स्पर्शिका आळीपाळीने तोंडात जात असतील तर तो कृमी नाहीच, ती सिनॅप्टा नावाची समुद्री काकडी. नातं तारामाशाशी.

म्हणून वरून एकच फोटो काढू नये. दुसरा समोरून, त्या जीवाच्या पातळीवर येऊन काढावा. कड आणि शिंगं त्यातच दिसतात. चपटकृमी त्यासाठी उचलू मात्र नये, बोट लागलं तरी तो फाटतो.