घोळक्याच्या मधला मुलगा

१९४४ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी आपल्याकडे येणाऱ्या काही वेगळ्या मुलांवर, ज्यांना आज आपण ऑटिस्टिक किंवा स्वमग्न म्हणतो, एक दीर्घ निबंध लिहिला. त्यातली लक्षणं पुढे जगभर गाजली. त्याच निबंधातलं एक साधं निरीक्षण मात्र फारसं कुणी उचललं नाही. शाळेच्या मैदानात किंवा वाटेवर असा मुलगा पुष्कळदा हुर्यो करणाऱ्या पोरांच्या घोळक्यात सापडलेला दिसतो. एकतर तो आंधळ्या रागाने हातपाय झाडतो, नाहीतर हताश होऊन रडतो. स्वतःचा बचाव काही त्याला जमत नाही. कधी कधी या जाचापायी आईला शाळेपर्यंत सोबत जावं लागतं, असंही ते नोंदवतात.

म्हणजे निदान आणि छळ दोन्ही एकाच निबंधात कागदावर आले. निदानावर ग्रंथच्या ग्रंथ निघाले, घोळका तसाच राहिला. (याच अ‍ॅस्पर्गर यांनी काही मुलांना नाझी राजवटीतल्या आम श्पीगेलग्रुंड या दवाखान्यात धाडलं होतं, जिथे अपंग मुलांना मारून टाकलं जाई. हेरविग चेक या इतिहासकाराने २०१८ मध्ये हे कागदपत्रांनिशी मांडलं. मुलांचा छळ अचूक टिपणारा माणूसही काय करू शकतो, ते इथे दिसतं.)

‘ऑटिझम’ हा शब्द त्याआधीचा. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो १९१०च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. १९४३ मध्ये बाल्टिमोरचे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तोच घेतला. आपला ‘स्वमग्न’ त्याच अर्थावर बेतलेला. ऐकायला गोड आहे, पण मला तो खटकतो. जो आपल्यातच बुडालेला आहे त्याला कुणी काही बोललं तर काय कळणार, हा समज त्या शब्दाबरोबर आपसूक येतो. कळतं की. कधी उशिरा कळतं, पण मग वर्षानुवर्षं सलत राहतं.

पुढची काही दशकं दोष कुणाचा, यातच गेली. आधी आई सापडली. तिच्या थंडपणामुळे मूल असं झालं, या सिद्धान्ताला ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून मोठी प्रसिद्धी दिली. ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी तो १९६४ मध्येच खोडून काढला होता, तरीही. मग पाळी मुलाची. लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी हात फडफडवणं, गिरक्या घेणं अशा या मुलांच्या सवयी मोडून काढण्यासाठी बक्षिसं दिली, आणि सुरुवातीच्या काळात थपडा आणि विजेचे झटकेही. मूल चारचौघांत उठून दिसू नये, हे ध्येय होतं. चिडवणारे आहेत तसेच राहणार आणि ज्याला चिडवतात त्याने बदलायचं, हा विचार त्यात गृहीतच धरला होता.

घोळक्याला नाव मिळालं ते भलतीकडेच. १९६९ मध्ये स्वीडनमधले डॉक्टर पीटर-पॉल हाइनेमान यांनी, दत्तक घेतलेल्या आपल्या कृष्णवर्णीय मुलाला होणारा त्रास पाहून, ‘मॉबिंग’वर लिहिलं. पक्षी मिळून एखाद्या प्राण्यावर तुटून पडतात, त्यासाठी प्राणिशास्त्रात वापरतात तो हा शब्द. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि व्याख्या बांधली: मुद्दाम, वारंवार आणि बळाची विषमता असताना दिलेला त्रास.

ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत ही व्याख्या कागदावर चपखल बसते, वर्गात मात्र निसटते. दोघंतिघं एकाला सांगतात, “जा, बाईंना म्हण, तुम्ही किती जाड दिसता. त्यांना मजा वाटेल.” तो जातो आणि जसंच्या तसं म्हणतो. वर्ग हसतो, तोही हसतो, कारण सगळे हसताहेत. शिक्षा त्यालाच होते. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. विचारलं तर तो सांगतो, “ते माझे मित्र आहेत.” असला छळ मोजायचा कसा? तरीही २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिलं, तेव्हा शाळेत त्रास सोसणाऱ्या ऑटिस्टिक मुलांचं प्रमाण सुमारे ४४ टक्के निघालं.

दरम्यान ऑटिस्टिक माणसं स्वतः बोलू लागली होती. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून लिहिलं, की आमच्यासाठी शोक करू नका. २०१२ मध्ये, स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी प्रश्नच उलटा केला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणता, मग इतरांना तरी त्याचं कुठे कळतं?

याची चाचपणी २०१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी केली. ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या बोलण्याच्या काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. तेवढ्यातच ऑटिस्टिक माणसं अनेकांना नकोशी वाटली. यांच्याशी बोलायला फारसं आवडणार नाही, असं बघणाऱ्यांनी नोंदवलं. मग तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं. चेहरा नाही, आवाज नाही. फरक नाहीसा झाला. २०१९च्या पुढच्या अभ्यासात बघणाऱ्यांना निदान आधीच सांगितलं, तर मत सुधारलं. आणि ज्यांना ऑटिझमची माहिती जास्त होती, त्यांचं मत अधिक अनुकूल निघालं.