प्रतिवर्ती घन ऑक्साइड घट : चालू स्थितीतील संरचना-अभ्यास

प्रतिवर्ती घन ऑक्साइड घट हा सिरॅमिकचा घट हायड्रोजनपासून वीज तयार करतो आणि उलट चालवला की वीज घेऊन वाफेपासून हायड्रोजन देतो. तो साधारण ६०० ते ८५० अंश सेल्सिअसला चालत असताना, म्हणजे प्रवाह वाहत असताना, त्याच्या पदार्थांत होणारे बदल तिथल्या तिथे टिपणे म्हणजे ‘ऑपरँडो’ अभ्यास.

घटाच्या मधोमध यिट्रियायुक्त झिर्कोनियाचा (यिट्रियमचे ऑक्साइड मिसळलेल्या झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा) दाट थर असतो. त्यातून ऑक्साइड आयन जातात. एका अंगाला निकेल-झिर्कोनियाचे सच्छिद्र इंधन-अग्र (इंधनाकडचा इलेक्ट्रोड) आणि दुसऱ्या अंगाला बहुधा लँथॅनम-स्ट्राँशियमयुक्त पेरोव्स्काइटचे (विशिष्ट स्फटिकरचनेच्या ऑक्साइडचे) ऑक्सिजन-अग्र असते.

घट हजारो तास चालवायचा, थंड करायचा आणि कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, ही जुनी रीत. हे शवविच्छेदनच, नुकसान कुठे झाले ते कळते, कधी सुरू झाले ते नाही. शिवाय थंड होताना हायड्रोजनचा पुरवठा तुटला तर निकेलचे ऑक्साइड बनते आणि घनभागाचे आकारमान जवळपास ७० टक्क्यांनी फुगते. काही घटांत असलेला, क्षपण झालेला (ऑक्सिजन गमावलेला) सेरियाही, म्हणजे सेरियमचे ऑक्साइडही, हवा लागताच पूर्ववत होतो. टेबलावर येतो तो काम करणारा घट नव्हेच.

चालू घटावर क्ष-किरण विवर्तन करताना, म्हणजे स्फटिकातील अणूंची मांडणी क्ष-किरणांनी मोजताना, खरी अडचण उष्णतेची असते. ८०० अंशांपर्यंत तापवल्यावर झिर्कोनियाचे स्फटिकजाल नुसत्या प्रसरणानेच सुमारे ०.८ टक्के ताणते. त्यात नमुना धरणारा आधारही वाढून नमुन्याची उंची बदलते आणि विवर्तनाची शिखरे सरकतात. प्रवाहामुळे झालेला बदल यातून वेगळा काढावा लागतो, म्हणून त्याच तापमानाला प्रवाह बंद ठेवून घेतलेले मोजमाप हाताशी हवेच. रामन मापनात, म्हणजे विखुरलेल्या लेझर-प्रकाशावरून पदार्थ ओळखताना, तापलेला घट स्वतःच लालसर प्रकाशतो. म्हणून हिरवा किंवा निळा लेझर बरा. सोबत प्रतिबाधा (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा रोध) मोजली की रोध नेमका कोणत्या थरात वाढला याचा अंदाज येतो.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या क्षेत्रात वारंवार सांगितले जातात. दर चौ. सेंमी.ला १ अँपिअरने सतत वाफेचे विघटन केल्यावर ऑक्सिजन-अग्राजवळची रचना ढासळली. दोन्ही दिशांना आलटून पालटून ४,००० तास चालवलेल्या घटात मात्र तसे नुकसान आढळले नाही.

इंधन-अग्रातील निकेलचे कोडे अजून सुटलेले नाही. विघटनाच्या दिशेने चालवताना ते मधल्या थरापासून दूर सरकते; ते वायुरूप हायड्रॉक्साइड होऊन जाते की पृष्ठभागावरून सरकते, यावर एकमत नाही.