पार्श्वभूमी : फातोर्ड्याच्या बाकावर कोण बसणार?

२०२५ च्या मे महिन्यात सावंतवाडी-बांद्याकडच्या ओसऱ्यांवर वादाला दोनच विषय होते. पाऊस एवढ्या लवकर कसा आला, आणि एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा पुढचा कोच कोण. तेव्हाचे स्पॅनिश कोच मानोलो मार्केझ जाणार हे तर वर्षभर आधीच ठरलं होतं. जुलै २०२४ मध्ये भारतीय संघ त्यांच्याकडे आला तेव्हाच बोली झाली होती : एक हंगाम दोन्ही डगरींवर हात ठेवायचा, मग क्लब सोडून देशाचा संघ पूर्णवेळ पाहायचा. ३ मे ला गोव्याने जमशेदपूरचा ३-० असा धुव्वा उडवून सुपर कप उचलला आणि आनंदाच्या दुसऱ्याच दिवशी 'आता कोण?' सुरू झालं. आंबे-फणस संपवायला मुंबईहून आलेले चाकरमानी त्यात हिरिरीने उतरले, कारण त्यातले अर्धे मुंबई सिटी क्लबवाले. ते दुखणं वेगळं आहे, त्याकडे येतोच.

आधी हे की सिंधुदुर्गातल्या माणसाने गोव्याच्या क्लबसाठी जीव का टाकावा. उत्तर सोपं आहे. मुंबई आम्हाला पाचशे किलोमीटर, आणि क्लबचं फातोर्डा मैदान जिथे आहे ते मडगाव रेल्वेने दीड-दोन तास. पत्रादेवीचा नाका ओलांडला की भाषा थोडी वळते, मासळी तीच राहते, आणि गावागावात क्रिकेटच्या जागी फुटबॉलचं मैदान दिसू लागतं. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्रीने १८८३ मध्ये शिवोलीला हा खेळ आणला असं सांगतात. क्लबच्या चिन्हावरचा गवाही आमचा ओळखीचा. फक्त दोडामार्ग-आंबोलीकडे तो शेतात घुसला की कोणी टाळ्या वाजवत नाही.

आता वादाचं मूळ. आज गोव्याला स्पॅनिश कोचच हवा असं मानणाऱ्या पोरांना सांगावं लागतं की २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत देशाचं विजेतेपद आठ वेळा गोव्याच्या क्लबांनी नेलं. त्यातली पाच एकट्या धेंपोची, आणि पाचही वेळा कोच होते आर्मांदो कुलासो, इथलेच. राहिलेलं एक विजेतेपद मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकलं. त्यांचा कोच कोण? डेरिक परेरा. तेही गोव्याचेच! म्हणजे 'आपलो माणूस कित्याक नको?' हा प्रश्न नुसता गावकीचा अभिमान नाही, त्याच्यामागे कपाट भरून चषक आहेत.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि सगळं उलटंपालटं झालं. नव्या लीगला चमकदार नावं हवी होती. गोव्याने थेट झिको आणले, ब्राझीलचे झिको. २०१५ च्या अंतिम सामन्यात फातोर्ड्यावर, आपल्याच लोकांसमोर, गोवा २-१ ने पुढे होता आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत चेन्नईयिनने तो ३-२ असा फिरवला. पुढच्या वर्षी संघ तळाला गेला आणि झिकोही गेले. त्याच २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही जुने क्लब निषेध म्हणून आय-लीग या आधीच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. माझ्या मते खरा घाव हा होता. स्थानिक कोच जिथे घडत होते ती शाळाच बंद झाली, आणि मग स्थानिक कोच मिळत नाहीत म्हणून बोंब सुरू झाली.

झिकोनंतर क्लबने जे केलं ते मात्र अक्कलहुशारीचं होतं. आधी खेळाची पद्धत ठरवली : चेंडू आपल्याकडे ठेवायचा, छोटे पास, पुढे जात राहायचं. मग त्या पद्धतीचा माणूस शोधला. २०१७ मध्ये सर्जियो लोबेरा आले, सोबत कोरोमिनास ऊर्फ कोरो आला, आणि फातोर्ड्याला गोलांची सवय लागली. कोरोने लागोपाठ दोन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. २०१९ चा सुपर कप आला. आमच्यासारखे लोक शेवटची गाडी चुकली तरी चालेल म्हणून सामना संपेपर्यंत बसू लागले ते याच काळात.

आणि मग ती गोष्ट, जिच्यावर अजून भांडणं होतात. २०२० च्या सुरुवातीला, साखळीचे फक्त तीन सामने उरलेले असताना आणि संघ शिल्डच्या, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या ढालीच्या, शर्यतीत पुढे असताना, क्लबने लोबेरांना काढलं. बाकावर बसले क्लिफर्ड मिरांडा, धेंपोचा जुना खेळाडू. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० हरवून गोव्याने शिल्ड जिंकली, आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या हंगामाला कोच म्हणून आले हुआन फेरांडो. मिरांडांचे आभार मानले गेले. एवढंच. याच मिरांडांनी २०२३ मध्ये ओडिशाला हंगामी कोच म्हणूनच सुपर कप जिंकून दिला, हे गावातला 'आपलो माणूस' पक्ष तारखेसकट ऐकवतो. मीही त्याच पक्षातला आहे, लपवत नाही.

लोबेरा गेले कुठे? मुंबई सिटीला. जाहू, बुमूस, फाल आणि आपला मंदार राव देसाई हे खेळाडूही तिकडेच. २०२०-२१ चा हंगाम कोरोनामुळे सगळा गोव्यातच झाला. मुंबईने उपांत्य फेरीत आम्हालाच पेनल्टीवर बाहेर काढलं आणि फातोर्ड्यावरच करंडक उचलला. त्या वर्षापासून डोंबिवलीचा माझा मावसभाऊ निळा टीशर्ट घालून गणपतीला येतो. 'आमचो कोच तुमी पळवलात' म्हटलं की तो मोदक तोंडात ठेवून हसतो.

फेरांडोंची कथा त्याहून आखूड. चॅम्पियन्स लीगमध्ये त्यांनी संघाला मान मिळवून दिला, ड्युरँड कप जिंकला आणि डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन हंगामात, कोलकात्याच्या क्लबने त्यांना करारातली रक्कम भरून उचललं. नौका मधेच सोडून तांडेल गेला. मग पुन्हा कोणाला हाक? डेरिक परेरांना. हंगाम ओढून नेला, पुन्हा आभार. नंतर कार्लोस पेन्या, एक वर्ष, सातवा क्रमांक, त्यावर फार बोलायला नको. २०२३ मध्ये मार्केझ. आदल्याच वर्षी त्यांनी हैदराबादला फातोर्ड्यावरच विजेता केलेलं आमच्यातल्या कित्येकांनी पाहिलं होतं.

म्हणून २०२५ चा वाद नावांचा कमी आणि जुन्या हिशेबांचा जास्त होता. एक बाजू म्हणे, पद्धत स्पॅनिश आहे तर कोचही तिथलाच हवा, मधे दुसरा सूर नको. दुसरी म्हणे, परका माणूस मोठ्या बोलीवर जातो आणि घर सावरायला मात्र घरचाच लागतो. चाकरमानी म्हणत, तुम्ही शोधा, आम्ही दोन वर्षांनी घेऊन जाऊ.

झालं भलतंच. १० जूनला भारत हाँगकाँगकडून हरला. मार्केझ यांच्या आठ सामन्यांत एकच विजय होता. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी देशाचा संघ सोडला आणि थोड्याच दिवसांत गोव्याने त्यांनाच परत बोलावलं. शोध संपला, माणूस तोच. दिल्लीत रिकाम्या झालेल्या खुर्चीवर १ ऑगस्टला खालिद जमील बसले, भारतीय कोच, आणि आमच्या पक्षाने ओसरीवर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. १४ ऑक्टोबरला जमील यांचा संघ फातोर्ड्यावरच सिंगापूरकडून २-१ हरला आणि आशिया कपची वाट बंद झाली. परतीच्या गाडीत त्या रात्री कोचचा विषय कोणी काढला नाही.