अटॅचमेंटसह स्वयंचलित ई-मेल

स्क्रिप्टने (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) माणसाच्या मदतीशिवाय ई-मेल तयार करून त्यासोबत एक किंवा अनेक फाइल पाठविण्याची पद्धत. रात्री चालणाऱ्या कामाचा अहवाल, बॅकअपची नोंद, बिलाची पीडीएफ हे तिचे उपयोग सर्वपरिचित आहेत. फाइल ई-मेलला जोडलेली दिसत असली, तरी प्रत्यक्षात प्रवास करतो तो एकच सलग मजकूर. फाइल त्याच्याच पोटात अक्षरांच्या रूपात लिहिलेली असते. ई-मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्याला हे ठाऊक नसले तरी चालते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे चालत नाही, आणि या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

उगम : पहिली अटॅचमेंट कोणती, याबद्दल एकमत नाही. लोकप्रिय लेखनात ११ मार्च १९९२ ही तारीख आढळते. त्या दिवशी बेलकोर या संशोधनसंस्थेतील नॅथनिएल बोरेनस्टाइन यांनी आपल्या हौशी गायक-चौकडीचे छायाचित्र व ध्वनिमुद्रण ई-मेलने पाठविले. त्यामागील माइम ही पद्धत त्यांनी नेड फ्रीड यांच्यासह आखली. तिचा मसुदा जून १९९२ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित दस्तऐवजमाला) १३४१ म्हणून प्रसिद्ध झाला. आजही प्रमाण मानली जाणारी आरएफसी २०४५ ते २०४९ ही मालिका नोव्हेंबर १९९६ ची आहे.

तथापि ई-मेलमधून फाइल पाठविण्याची रीत याहून जुनी आहे. १९८२ च्या आरएफसी ८२१ मधील एसएमटीपी या ई-मेल पोहोचविण्याच्या नियमांना फक्त सात बिटांची अक्षरे आणि ओळ-समाप्तीसह फार तर १,००० अक्षरांची ओळ मान्य होती. चित्र किंवा प्रोग्रॅमची फाइल या चौकटीत बसत नसे. मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कली येथे लिहिलेल्या यूयूएनकोड या प्रोग्रॅमने अशा फाइलचे छापण्याजोग्या अक्षरांत रूपांतर करता येऊ लागले. युनिक्स या संगणक-प्रणालीवर त्यातून निघालेला मजकूर थेट मेल या आज्ञेकडे वळवीत. म्हणजे शेल-स्क्रिप्टमधून फाइल पाठविणे माइमच्या आधीच एका ओळीचे काम होते. सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक-संस्थेच्या १९८४ च्या एक्स.४०० शिफारशींत अनेक भागांच्या संदेशाची तरतूद होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अँड्रू प्रणालीत चित्रे व स्वरूपित मजकूर पाठविता येई, आणि बोरेनस्टाइन स्वतः त्या प्रकल्पात होते. संदेशात संदेश गुंडाळण्याची आरएफसी ९३४ (१९८५) आणि मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या हेडरची (संदेशाच्या आरंभीच्या माहितीच्या ओळीची) आरएफसी १०४९ (१९८८) हीदेखील माइमची पूर्वपीठिका होय. माइमचे बेस६४ हे संकेतनही (फाइल अक्षरांत लिहिण्याची रीत) मुळात सुरक्षित ई-मेलसाठीच्या त्याआधीच्या मसुद्यांतून आले. हे सर्व पाहता १९९२ हे वर्ष शोधाचे न मानता प्रमाणीकरणाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

यूयूएनकोड मागे पडण्याचे कारण तांत्रिक होते. त्यात वापरलेली काही विरामचिन्हे व रिकामी जागा एब्सिडिक (आयबीएमच्या मोठ्या संगणकांचा) वर्णसंचाच्या यंत्रांतून जाताना बदलत आणि फाइल बिघडे. बेस६४ साठी ६५ अक्षरांचा संच निवडताना सर्व वर्णसंचांत जी अक्षरे समान आहेत तीच घेतली गेली.

रचना : माइम संदेशात प्रथम हेडर, मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर भाग येतात. भाग एका सीमाखुणेने विलग केलेले असतात. खुणेच्या प्रत्येक ओळीआधी दोन आडव्या रेघा येतात, आणि शेवटच्या खुणेनंतर आणखी दोन. त्या शेवटच्या दोन रेघा विसरणे किंवा हेडरनंतरची रिकामी ओळ न सोडणे ही हाताने मजकूर जुळविणाऱ्या स्क्रिप्टमधील नेहमीची चूक. मग प्राप्तकर्त्याला फाइलऐवजी अगम्य अक्षरांची पानेच्या पाने दिसतात.

बेस६४ मध्ये दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात आणि ओळ ७६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. ओळ-समाप्तीची दोन अक्षरे धरता आकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे जेथे २५ एमबीची मर्यादा संकेतन झालेल्या संदेशावर मोजली जाते, तेथे मूळ फाइल १८ एमबीच्या आसपासच असावी लागते. या संकेतनाचा एक फायदा मात्र क्वचितच सांगितला जातो. बेस६४ च्या अक्षरांत आडवी रेघ नाही आणि टिंबही नाही. पहिल्यामुळे सीमाखूण फाइलच्या आत चुकून उमटू शकत नाही. दुसऱ्यामुळे, एसएमटीपीत संदेश संपल्याची खूण असलेली एकट्या टिंबाची ओळ फाइलमध्ये येण्याचा प्रश्नच उरत नाही.

फाइलचे नाव : हा भाग आजही पूर्णपणे सुटलेला नाही. फाइलचे नाव सांगणारे कन्टेन्ट-डिस्पोझिशन हे हेडर आरएफसी १८०६ (१९९५) व नंतर २१८३ (१९९७) मध्ये आले. त्याआधी नाव कन्टेन्ट-टाइप या भागाचा प्रकार सांगणाऱ्या हेडरच्या नेम या घटकात लिहीत, आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठी अनेक स्क्रिप्ट ते अजूनही दोन्हीकडे लिहितात. रोमनेतर लिपीतील नावासाठी आरएफसी २२३१ (१९९७) टक्केचिन्हाची रीत सांगते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात ३ बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे ‘अहवाल’ या पाच चिन्हांच्या शब्दाची ४५ अक्षरे होतात. याउलट विषय-ओळीसाठी असलेली आरएफसी २०४७ ची रीत नावाला लावणे त्या मसुद्यानेच निषिद्ध ठरविले आहे. तरीही कित्येक प्रोग्रॅम तसे करतात, आणि वाचणारे प्रोग्रॅम ते मुकाट्याने समजून घेतात. नियमाच्या बाजूने राहणे योग्य. पण प्राप्तकर्त्याचा प्रोग्रॅम जुना असेल तर रोमन नाव देणे हाच निर्वेध मार्ग.

प्रेषण : सर्व्हरदरम्यान पोर्ट (जोडणीचा क्रमांक) २५ वापरले जाते. स्क्रिप्टने मात्र ५८७ किंवा ४६५ वापरावे. पहिल्यात संभाषण उघड्यावर सुरू होऊन स्टार्टटीएलएस या आज्ञेने सुरक्षित होते, दुसऱ्यात ते आरंभापासूनच सुरक्षित असते. आकाराची मर्यादा बहुतेक सर्व्हर ईएचएलओ या संभाषणाच्या पहिल्या आज्ञेच्या उत्तरात साइझ या शब्दाने आधीच सांगतात. ते न वाचता पूर्ण फाइल ढकलणाऱ्या स्क्रिप्टला शेवटी ५५२ हे नकाराचे उत्तर मिळते. चारने सुरू होणारी उत्तरे तात्पुरती असल्याने काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. पाचने सुरू होणाऱ्या उत्तरानंतर तसाच प्रयत्न करणे व्यर्थ. २५० या उत्तराचा अर्थ सर्व्हरने जबाबदारी स्वीकारली एवढाच. पत्र इनबॉक्समध्ये पोहोचल्याची ती पावती नव्हे.

साधने : पायथनमधील ईमेल व एसएमटीपीलिब हे संच आज बहुधा सर्वाधिक सुटसुटीत ठरावेत. ३.६ आवृत्तीपासून (२०१६) स्थिरावलेला ईमेलमेसेज हा वर्ग सीमाखुणा, संकेतन आणि रोमनेतर नावे स्वतःच हाताळतो. पॉवरशेलमधील सेंड-मेलमेसेज ही आज्ञा मायक्रोसॉफ्टने कालबाह्य घोषित केली आहे. सर्व्हरशी जोडणी सुरक्षित राहण्याची हमी ती देत नाही, हे त्याचे कारण. शेलमधील मेलएक्स या पत्र पाठविण्याच्या आज्ञेबाबत सावधगिरी हवी. काही आवृत्त्यांत लहान ‘ए’ हा पर्याय फाइल जोडतो, तर बीएसडी व जीएनयू आवृत्त्यांत तोच पर्याय हेडर वाढवितो आणि जीएनयूमध्ये फाइलसाठी मोठा ‘ए’ लागतो. एका यंत्रावर बरोबर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर अटॅचमेंटविना पत्र पाठवू लागते, याचे हे एक कारण आहे.

दुरुपयोग व निर्बंध : मे २००० मध्ये पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस तांत्रिकदृष्ट्या याच पद्धतीचे उदाहरण होय. व्हीबीस्क्रिप्टमधील ती स्क्रिप्ट आउटलुकच्या पत्तापुस्तिकेतील सर्वांना स्वतःचीच प्रत अटॅचमेंट म्हणून पाठवीत असे. त्यानंतर आउटलुकने बाहेरील प्रोग्रॅमला पत्र पाठवू देण्यावर बंधने घातली, आणि एक्झिक्यूटेबल (उघडताच चालणारी) फाइल नाकारण्याची रीत सर्वत्र रुळली. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर फक्त नाव व पासवर्ड देऊन बाहेरील प्रोग्रॅमला प्रवेश देणे थांबविले; स्क्रिप्टसाठी ओऑथ (पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) किंवा, द्विस्तरीय पडताळणी सुरू असल्यास, १६ अक्षरांचा ॲप-पासवर्ड वापरता येतो. मोठ्या फाइलसाठी अटॅचमेंटऐवजी क्लाउडवरील दुवा पाठविण्याचा प्रघात वाढत आहे. त्या वेळी वरील रचनेचा मोठा भाग गैरलागू ठरतो, मात्र दुव्याची मुदत व प्रवेशाचे अधिकार स्क्रिप्टलाच सांभाळावे लागतात.