अख्खं गाव हातांनी बोलायचं

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. 19व्या शतकात अमेरिकेत साधारण 5,700 माणसांमागे एक जन्मतः बहिरा असे, या बेटावर मात्र 155 माणसांमागे एक. तिथल्या चिलमार्क गावात तर पंचविसात एक! कुणाचा काका, कुणाची शेजारीण. मग गावानं सोपा मार्ग काढला. ऐकू येणारेही खुणांची भाषा शिकले, तीही शाळेत नव्हे, अंगणात खेळता खेळता.

एकदा हातात बसल्यावर ती फक्त बहिऱ्यांपुरती कशी राहील? वाऱ्यात हाक पोचत नसे, तेव्हा कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीशी हातांनीच बोलत. पोरं मास्तरांच्या पाठीमागे खुणांनी टवाळक्या करत. (हा उपयोग कुठल्याही देशातल्या पोरांना सुचला असता.) बहिरी माणसं मासेमारी, शेती करत, लग्न करून संसार थाटत, गावच्या कारभारातही भाग घेत. पुढे म्हाताऱ्यांना जुन्या लोकांबद्दल विचारलं, तर अमका पट्टीचा मच्छीमार होता हे आधी आठवे. तो बहिरा होता, हे आठवायला वेळ लागे.

हे बहिरेपण आलं कुठून? इंग्लंडमधल्या केंट परगण्यातून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या एका अप्रभावी जनुकातून, म्हणजे दोन प्रती जुळल्या तरच परिणाम दाखवणाऱ्या जनुकातून. आई-बाप दोघांकडे त्याची एकेक प्रत असली, तर दोघांनाही ऐकू येतं, पण प्रत्येक मूल बहिरं असण्याची शक्यता चारात एक. बेटावर नात्यातच लग्नं होत, त्यामुळे अशा जोड्या जुळत राहिल्या. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं 1880च्या दशकात या घराण्यांच्या वंशावळी धुंडाळल्या, पण त्याला कोडं सुटलं नाही. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगाच्या नजरेत आले 1900 साली.

खुणा म्हणजे निव्वळ हातवारे नव्हेत. खुणांनी बोलणाऱ्याच्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर हात नीट हलत असूनही त्याची भाषा अडखळू शकते, बोलणाऱ्याची वाचा अडखळते तशीच. मेंदूला भाषा हवी असते, ती कानातून येवो की डोळ्यांतून. पण ती लहानपणीच मिळावी लागते. बहुतेक बहिऱ्या मुलांचे आई-बाप ऐकू येणारे असतात आणि त्यांना खुणा येत नसतात, तिथे सुरुवातीची मोलाची वर्षं वाया जातात. चिलमार्कच्या बाळाला भाषा पाळण्यातच मिळे.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या हार्टफर्ड शहरात 1817 साली बहिऱ्यांची शाळा निघाली. पुढे बेटावरची मुलं तिकडे जाऊ लागली, बाहेरच्यांशी लग्नं झाली आणि जनुकांच्या जोड्या जुळेनाशा झाल्या. त्या परंपरेतली शेवटची बहिरी व्यक्ती 1952 मध्ये वारली. त्यानंतरही कित्येक वर्षं, कान शाबूत असलेल्या काही म्हाताऱ्यांना त्या खुणा येत होत्या.