तालेम्पोंग
तालेम्पोंग : इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रा प्रांतातील मिनांगकाबाऊ लोकांचे धातूचे आघातवाद्य व त्यावरील समूहवादन. वाद्य पालथ्या वाटीसारखे, खालून उघडे, कांस्याचे किंवा पितळेचे. व्यास साधारण १६ ते १८ सेंमी., उंची ८–९ सेंमी. वरच्या बंद बाजूच्या (मुखाच्या) मध्यावर घुमटी (लहान फुगवटा) असून टोला तिच्यावरच देतात.

ओतकामासाठी अगाम जिल्ह्यातील सुंगाई पुआर प्रसिद्ध आहे. मेणाच्या नमुन्यावर मातीचे लेप देऊन साचा भाजतात व मेण निघून गेलेल्या पोकळीत धातू ओततात. साच्यात ओल राहिल्यास वाफेमुळे धातूत छिद्रे पडतात आणि नाद बद्द येतो. स्वर घासून जुळवतात. मुखाचा घुमटीभोवतालचा पत्रा पातळ केला की स्वर उतरतो, घुमटीवरची धातू कमी केली की चढतो. प्रमाण स्वरसप्तक नसल्याने दोन गावांचे संच सहसा जुळत नाहीत. फुटलेल्या नगाच्या जागी दुसऱ्या संचातील नग त्यामुळे चालत नाही.

तालेम्पोंग पाचिक (पाचिक : हातात धरणे) हा मिरवणुकीतला प्रकार. तीन वादक व पाच-सहा नग असतात. बहुतेक वादक डाव्या हातात दोन नग एकाखाली एक, आडवे धरून उजव्या हातातील काठीने वाजवतात. मधले बोट दोहोंत अंतर राखते. ते सुटले तर नग एकमेकांवर खडखडतात. तळवा नगाच्या कडेच्या भिंतीला टेकला तर नाद तत्काळ मरतो. जंतान (नर), बतिनो (मादी) व पनिंकाह हे तीन भाग एकमेकांच्या रिकाम्या जागा भरतात (नावे गावागणिक बदलतात). धून तिघांच्या टोल्यांतून मिळून तयार होते, म्हणून एकाची लय ढळली की ती ओळखू येत नाही. जोडीला गांडांग हा दुतोंडी ढोल व पुपुइक हे फुंकवाद्य असते. लग्नाची वरात व पंगुलूची (कुळप्रमुखाची) स्थापना हे मुख्य प्रसंग. बैठ्या प्रकारात (तालेम्पोंग दुदुक) नग लाकडी चौकटीवर मांडतात. तो अनेक ठिकाणी स्त्रिया वाजवतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. चौदाव्या शतकात सुमात्रातील राजा आदित्यवर्मनच्या काळात हे वाद्य जावातून आले, असे एक मत. बोनांग या जावानी वाद्याशी असलेले साम्य त्याला आधार म्हणून देतात. परंतु जावातील स्लेन्द्रो व पेलोग स्वररचना येथे आढळत नाहीत. दुसरे मत उत्तर व्हिएतनाममधील प्राचीन दोंगसॉन कांस्यसंस्कृतीकडे बोट दाखवते. तेथील कांस्य ढोलांना घुमटी नसते, तेव्हा थेट वारसा मानणे कठीण. ओतकामाची परंपरा त्या दिशेने आली असणे संभवते. बालीतील मिरवणुकीच्या वाद्यवृंदातही हाती धरलेल्या नगांवर टोले वाटून घेण्याची रीत आहे. हे पाहता एकाच ठिकाणाहून उसनवारी झाली असे म्हणण्यापेक्षा द्वीपसमूहाच्या सामाईक घंटापरंपरेची ही स्थानिक शाखा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

पादांग पांजांग येथील संगीत विद्यालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य सप्तकात जुळवलेले संच तयार झाले (तालेम्पोंग क्रेआसी). त्यांवर स्वरसंवादासह लोकप्रिय गीतेही वाजवतात. मलेशियातील नेगेरी सेम्बिलान येथे स्थलांतरित मिनांगकाबाऊंनी नेलेल्या वाद्याला चाकलेम्पोंग म्हणतात. लिमा पुलुह कोता जिल्ह्यातील तालांग आनाऊ येथे सहा दगडांचा संच आहे. त्यालाही तालेम्पोंग (बातू) हेच नाव आहे.